पॉइंट एकसष्ट

वारूळवाडीच्या आमच्या लॅबमध्ये दिवसाची पहिली तपासणी कुठल्याही शेतकऱ्याच्या पाण्याची होत नसे. ती चाचांच्या पाण्याची होई. चाचा म्हणजे लॅबचे इनचार्ज, राहायला जुन्नरला. त्यांच्या घरामागे एक आड आहे. त्याचं पाणी ते दर सोमवारी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून एसटीनं आणायचे, आणि रोज सकाळी यंत्राची कांडी सगळ्यात आधी त्या पाण्यात बुडवायची. यंत्र तपासायला कंपनीनं दिलेलं, ठरलेल्या क्षाराचं बाटलीबंद पाणी कपाटात होतं, पण ते महिन्यातून एकदाच निघायचं. रोजचा नियम हा चाचांचा स्वतःचा.

"यंत्राला आधी घरचं माणूस दाखवायचं," ते म्हणायचे. "वळखलं, तर पावण्याला आत घ्यायचं."

आणि यंत्र ओळखायचंच. पाण्यातला क्षार, ज्याला इकडचे शेतकरीसुद्धा ईसी म्हणतात, तो त्या पाण्याचा पॉइंट बासष्ट यायचा. कधी एकसष्ट, कधी त्रेसष्ट. आला की लांब वहीत तारीख, आकडा आणि सही. त्याशिवाय दुसरी बाटली उघडायची नाही.

त्या वहीत चार दिवस मी तारीख घातली, आकडा लिहिला, सही केली आणि कॅनचं झाकणसुद्धा उघडलं नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

मी सातवी शिकलेली. माहेर हिंगोलीच्याही पलीकडे. पुढची शाळा गावात नव्हती आणि मुलीला बाहेरगावी पाठवायचा विषय घरात निघाला नाही, मीही काढला नाही. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आले. तो नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची पिकअप चालवतो. मी लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले. माती वाळवायची, कुटायची, चाळायची, बाटल्या तीन पाण्यांनी धुऊन उपड्या घालायच्या. मला ते काम आवडायचं, कारण त्यात विचारावं लागेल असं काही नव्हतं.

कॉम्प्युटरपाशी मला चाचांनी बसवलं. त्यांचे वडील आणि आजोबा जुन्नरच्या बाजारात तराजू दुरुस्त करायचे. काट्याची खोड बोटानं शोधायची सवय चाचांना तिथूनच लागलेली. आधीचा ऑपरेटर सोडून गेला तेव्हा पुण्याचं ऑफिस म्हणालं, शिकलेलं माणूस बघा. चाचा म्हणाले, माणूस आहे, शिकवायचं तेवढं राहिलंय. मला इंग्रजी अक्षरं येत होती, इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी एक शाळेची वही आणून दिली आणि कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत काय काय टाईप करायचं ते मला एकेक अक्षर करून त्यात उतरवायला लावलं. वर्षभरात मी दोन्ही यंत्रं चालवायला लागले: एक पाण्याचं, दुसरं मातीतला पालाश, म्हणजे पोटॅश, मोजायचं. आई फोनवर शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "आज कॉम्प्युटरवर काय केलंस गं?"

चाचांचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मी सांगत बसत नाही. पण त्या उपकारांचीच मला भीती वाटायची. ते काही समजावून सांगत आणि शेवटी विचारत, "समजलं का बेटा?" मी म्हणायची, "हो चाचा." समजलं असलं तरी, नसलं तरी. मला वाटायचं, एक दिवस यांना कळेल की आपण चुकीचं माणूस खुर्चीत बसवलं. तो दिवस मी 'हो' म्हणून पुढे ढकलत होते.

आता कॉम्प्युटरचं थोडं सांगावं लागेल, कारण चूक तिथून सुरू झाली.

कॉम्प्युटर लावून आत शिरलं की एक फाईल आपोआप वाचली जाते. कोणती वस्तू कुठे ठेवली आहे हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला लागणारं बरंचसं सामान वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. ती कुठे आहे हे प्रोग्रामला सापडलं नाही तर तो सुरूच होत नाही. आमच्या आधीच्या ऑपरेटरनं त्या सुरुवातीच्या फाईलमध्ये काहीतरी भलतंच लिहून ठेवलं होतं आणि एका सकाळी कॉम्प्युटर कुणालाच आत घेईना. तेव्हापासून पुण्याच्या साहेबांनी ती फाईल कुलूपबंद केली. वाचता येईल, बदलता येणार नाही. हे साहेब आमचे कॉम्प्युटर फोनवरूनच सांभाळायचे. त्यांना मी एकदाही पाहिलेलं नाही.

पालाशचं यंत्र बिघडलं म्हणून कंपनीकडे गेलं होतं, ते नव्या प्रोग्रामसकट परत आलं. प्रोग्राम चालू केला की एक ओळ यायची: अमुक लायब्ररी सापडत नाही. दुसऱ्या दिवशी चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यांनी साहेबांना फोन लावला, साहेबांनी सांगितलं ते ऐकून घेतलं आणि निघता निघता मला समजावलं.

"सामान ठिवल्याली खोली नवीन हाय. प्रोग्रामला ती ठावं न्हाई. पैलं आपण काय करायचो? दारातच पाटी लावायचो. जो आत यील तो वाचील. आता दारावर पाटी लावायची न्हाई, साहेबांनी कुलूप घातलंय आन बरं केलंय. आता दोन ओळींची आपली येगळी फाईल करायची. पैल्या ओळीत खोलीचा पत्ता. दुसऱ्या ओळीत प्रोग्रामचं नाव. म्हंजे ज्याला सामान पायजे त्याच्याच कानात सांगायचं, आन मग त्याला कामाला सोडायचं. बाकीच्यांना ऐकूच जायला नको. समजलं का बेटा?"

"हो चाचा."

दोन ओळींची फाईल मला करता आली, खरंच आली. पण ती चालवायला गेले तर उत्तर आलं, परवानगी नाही. आज मला माहीत आहे की नवी फाईल केली की 'ही चालवायची फाईल आहे' असं कॉम्प्युटरला एकदा वेगळं सांगावं लागतं. एका ओळीचं काम आहे. तेव्हा मला वाटलं, साहेबांचं कुलूप आडवं आलं. तीनदा केलं, तीनदा तेच. बाहेर मढ गावाकडची चार माणसं मातीच्या पिशव्या घेऊन सकाळपासून बसलेली. पालाशचे रिपोर्ट आधीच आठवडाभर तुंबले होते.

चाचांना फोन करता आला असता. ऑपरेशन डोळ्याचं होतं, कानाचं नव्हतं. पण मी 'हो' म्हणून बसले होते. साहेबांना केला असता तर ते चाचांना म्हणाले असते, तुमच्या त्या बाईंना दोन ओळी जमल्या नाहीत.

माझ्याकडे कुलपाचा पासवर्ड होता. तो मी चोरला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी प्रिंटर अडकला तेव्हा साहेब गाडी चालवत होते, त्यांनी फोनवर घाईघाईत सांगितला आणि म्हणाले, "ताई, वापरा आणि विसरून जा." मी वापरला. विसरले मात्र नाही. शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला होता.

तो घालून मी सुरुवातीची फाईल उघडली, नव्या लायब्ररीचा पत्ता तिच्यात लिहिला, फाईल पुन्हा बंद केली. म्हणजे चाचा जे करू नको म्हणाले होते नेमकं तेच केलं, दारावर पाटी लावली. कॉम्प्युटर पुन्हा लावला. पालाशचा प्रोग्राम लगेच सुरू झाला.

मढच्या माणसांतला एक म्हातारा म्हणाला, "चाचा नसले तरी काय आडत न्हाई की राव! बाई लई हुशार हाय." मला इतका आनंद झाला की मी दुपारी डबा खायच्या आधी आईला फोन लावला.

त्या दिवशी सकाळी, फाईलला हात लावायच्या आधी, मी आडाचं पाणी तपासलं होतं. बासष्ट. त्या दिवशी आलेल्या पाण्याच्या बाटल्याही तेव्हाच उरकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आठ वाजता दारात रांग होती. लागवडीचे दिवस होते, जो तो माती नाहीतर पाणी घेऊन आलेला. पालाशचं यंत्र तापायला वेळ घेतं. मी ते लावलं, बाटल्यांवर नंबर घातले, आणि आडाच्या पाण्याची पाळी राहिली. राहिली तर राहिली. वर्षभर मी तो आकडा बघत होते, तो दुसरा काय येणार होता? मी वहीत पॉइंट बासष्ट लिहून सही केली.

तिसऱ्या दिवशी ते सोपं झालं होतं. पण लिहिताना मनात आलं, सारखं बासष्ट बासष्ट दिसलं तर कुणाला शंका यायची. खऱ्या पाण्याचा आकडा थोडा हलतो. म्हणून मी पॉइंट एकसष्ट लिहिलं.

पहिल्या दिवसाची घाई मी स्वतःला समजावू शकते. हे एकसष्ट मला समजावता येत नाही. ते घाईनं लिहिलेलं नव्हतं. पेन हातात धरून, विचार करून लिहिलं होतं.

त्यानंतरचे दोन दिवस पुन्हा बासष्ट. असे चार दिवस.

चाचा परत आले ते डोळ्यावर काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला मनाई केली होती. आल्या आल्या त्यांनी कॅन उचलला, कपात पाणी ओतलं, कांडी बुडवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"किती?"

स्क्रीनवर पॉइंट एकतीस होतं.

मी डोळे मिटून उघडले. पॉइंट एकतीस. बरोबर निम्मं. मला एकदम कळलं. कसं झालं ते कळलं नाही, पण ती पाटी पाण्याच्या प्रोग्रामनेही वाचली होती एवढं कळलं. चार दिवस जेवढं पाणी त्या यंत्राखालून गेलं तेवढं निम्म्या क्षाराचं म्हणून गेलं होतं.

"किती गं?" चाचांनी पुन्हा विचारलं.

"बासष्ट," मी म्हणाले.

"वा," ते म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले.

ते बाहेर होते तेवढ्यात मी पासवर्ड घालून ती ओळ पुसली. कॉम्प्युटर पुन्हा लावला. पाणी पुन्हा तपासलं. बासष्ट आलं. पालाशच्या प्रोग्रामबद्दल चाचांना सांगितलं की दोन ओळींची फाईल चालत नाही, परवानगी नाही असं येतं. ते हसले, "आरं, ते सांगायचंच ऱ्हायलं बघ माझं," आणि ती उरलेली एक ओळ मला उतरवून दिली. मग सगळं जसं असायला हवं तसं झालं. फक्त चार दिवसांचे रिपोर्ट लोकांच्या घरी गेलेले होते. मी स्वतःला म्हटलं, कोण बघतं पाण्याचा रिपोर्ट. घडी घालून ठेवून देतात. रोज असं म्हणायची आणि रोज दारात कुणी आलं की आधी त्याच्या हातात आमचा रिपोर्ट आहे का ते बघायची.

पंधरा दिवसांनी अवसरी बुद्रुकच्या काकू आल्या. त्यांची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. एका हातात रोपांचा ट्रे, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि बाटलीच्या गळ्याला आमचा रिपोर्ट गुंडाळून रबर लावलेलं. ट्रे त्यांनी टेबलावर ठेवला नाही, आदळला. रोपांच्या पानांच्या कडा विस्तवाजवळ धरल्यासारख्या करपलेल्या.

"भाऊ, ह्ये बगा तुमचं ग्वाड पाणी! नवीन बोअर मारलं, तुमच्याकडं तपासलं, तुमी म्हणला चालंल. त्याच पाण्यावर रोपं धरली. आता ह्यातलं एक तरी कुणी न्हेईल का सांगा."

"वहिनी, बसा तरी."

"बसते कशाला? तपासा आदी. ही बाटली म्या सोता भरलीया, बोअरच्या तोंडाला धरून."

चाचांचा डोळा आता बरा होता. त्यांनी स्वतः बाटली घेतली, स्वतः तपासलं. आधीच्या रिपोर्टवर होतं त्याच्या दुप्पट आलं. रांगेतली माणसं मान पुढे काढून बघत होती. मग चाचा मला म्हणाले, "वही आण."

मी आणली. काय करणार होते? त्यांनी तारीख काढली आणि वही काकूंच्या समोर धरली.

"ह्ये बगा वहिनी. तुमचं पाणी तपासलं त्या सकाळचं ह्ये. आदल्या दिवसाचं ह्ये. दुसऱ्या दिवसाचं ह्ये. माझ्या घरचं पाणी हाय, आन ही पोरगी रोज तपासती. बासष्ट, एकसष्ट, बासष्ट. यंत्र चुकलं आसतं तर हितं दिसलं आसतं. म्हंजे आलेली बाटलीच दुसऱ्या पाण्याची व्हती. जुन्या हिरीचं पाणी ग्वाड हाय ना तुमच्या?"

"हाय."

"ती बाटली कुणी भरली व्हती?"

"सुनंनं," त्या म्हणाल्या.

"ईचारा मग तिला. बोअर लांब आसंल, हीर दाराशी. पोरीबाळी कट्टाळा करत्यात."

"ती तर म्हणती बोअरवरूनच आणलं." पण आवाजातला जोर गेला होता. चाचांच्या शब्दाला आमच्या भागात वजन आहे. तराजूवाल्यांचं घर, काटा मारणार नाही, असं लोक म्हणतात. आणि चाचांनी तो शब्द माझ्या अक्षरावर हात ठेवून दिला होता. रांगेतलं कुणीतरी हसून म्हणालं, "सुनंला आता दोन हंडं ज्यादा लावा, काकू!" काकू हसल्या नाहीत. ट्रे उचलला. "घरी जाऊन बगतेच तिच्याकडं," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी तिथेच उभी होते.

मी त्या सुनेला कधी पाहिलेलं नव्हतं. पण ती मला लगेच दिसली. दारातून सासू ट्रे घेऊन येतेय आणि हिला अजून माहीत नाही की आपण खोटं बोललो असं वारूळवाडीच्या लॅबमध्ये चार माणसांसमोर ठरलं आहे. ती म्हणेल, नाही हो, बोअरचंच भरलं. आणि जितक्यांदा म्हणेल तितकी जास्त खोटी ठरेल, कारण तिच्याविरुद्ध वही आहे.

जेवणाच्या सुट्टीत चाचा मागच्या पडवीत डबा उघडून बसले होते. मी माझी शाळेची वही घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. मागचं पान उघडून पासवर्ड दाखवला. मग सांगत गेले. परवानगी नाही असं आलं ते, कुलूप उघडलं ते, सगळ्यांसाठी पत्ता लिहिला ते. चाचा मधे एकदाच बोलले, मलाच समजावं म्हणून: दोन्ही खोल्यांत त्या लायब्ररीचं नाव एकच आहे. जुनी लायब्ररी कांडीच्या मापानं, म्हणजे आमच्या कांडीसाठी दोननं, गुणाकार करते. नवी करत नाही, कारण नवी यंत्रं तो आतल्या आतच करून देतात. पाण्याच्या प्रोग्रामनं दारावरची पाटी वाचून नवीच उचलली. म्हणून निम्मं.

इथपर्यंत त्यांचा आवाज नेहमीचा होता. मग मी म्हणाले, "चाचा, आडाचं पाणी मी तपासलंच नव्हतं. चार दिवस. वहीतलं माझ्या मनानं लिहिलंय. आणि तुम्ही आलात त्या दिवशी एकतीस आलं होतं."

त्यांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"एकसष्ट पण तूच लिव्हलंस?"

"हो."

"एकसष्ट का लिव्हलंस?"

मी शाळेची वही मिटली. मग म्हणाले, "खरं वाटावं म्हणून."

चाचांनी डबा झाकला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते उठले, हात धुतले, धुतच राहिले. मग म्हणाले, "मला न्हाई समजलं म्हणाली आसतीस, तर काय मी खाल्लं आसतं का तुला?" आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात, "चल. चप्पल घाल."

"फोन करू का काकूंना?"

"फोन कुणाला करती? सासूला? फोनवर सुनंची बाजू कोण ऐकणार? चल."

निघण्याआधी त्यांनी मला वहीत त्या चार दिवसांच्या आकड्यांवर आडवी रेघ मारून समोर 'तपासले नाही' लिहायला लावलं, आणि चारदा सही करायला लावली. स्वतः सही केली नाही. मंचरपर्यंत एसटी, तिथून पुढे जीप. जीपमध्ये आमच्यामध्ये एक बाई कोंबडीची टोपली घेऊन बसली होती, चाचा वाटभर तिच्याशीच बोलले.

नर्सरीत पोचलो तेव्हा काकू जाळीच्या सावलीत होत्या. एक मुलगी, माझ्यापेक्षा लहान, हौदाशी रिकामे ट्रे घासत होती. तिच्या पाठीवरूनच कळत होतं की बोलणं होऊन गेलंय.

"भाऊ? तुमी हितं कसं?" काकूंनी विचारलं.

"वहिनी, चूक आमच्याकडून झालीया," चाचा म्हणाले. "तुमची बाटली बोअरचीच व्हती. लॅबमंदी..."

"लॅबमध्ये नाही. माझ्याकडून," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "यंत्र चुकीचं दाखवत होतं आणि मी सकाळी ते तपासायचं काम केलं नाही. वहीत खोटं लिहिलं. तुमच्या सुनेनं बरोबर पाणी भरलं होतं."

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू लिव्हलंस? ती बासष्ट बासष्ट?"

"हो."

"आन मी तितं उबी राहून सुनंला नावं ठिवत व्हते तवा तू कुटं व्हतीस?"

"तिथंच होते."

"तितंच व्हती! बग गं," त्या हौदाकडे वळून ओरडल्या, "तितंच व्हती म्हणं! तोंडात काय गूळ धरला व्हतास का बाई?"

चाचा मधे पडले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. काकू आणखी बरंच बोलल्या, रोपांबद्दल, ट्रेंबद्दल, पंधरा दिवसांच्या कष्टांबद्दल. त्यातलं एकही वाक्य मला लागू नव्हतं असं नाही. मग त्यांचा दम संपला आणि त्या बांधावर बसल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या चार दिवसांत गेलेल्या सगळ्या रिपोर्टांची यादी करून प्रत्येकाला मी स्वतः फोन केला आणि पाणी पुन्हा आणायला सांगितलं. साहेबांनी पासवर्ड बदलला. त्यांना चाचांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. माझी नोकरी गेली नाही. का गेली नाही, हे मी विचारलं नाही. चाचा मला अजून बेटाच म्हणतात. पण आता ते 'समजलं का' असं विचारत नाहीत. म्हणतात, "आता तू मला सांग." आणि मला सगळं पहिल्यापासून त्यांना समजावून सांगावं लागतं, मग ते मान हलवतात. ते बरोबरच करतात. पण दर वेळी सांगायला सुरुवात करताना माझे कान तापतात.

त्या दिवशी निघताना मी हौदाशी गेले. ती मुलगी ट्रे घासत होती, तशीच. माफी कशी मागायची ते मला सुचेना. मी म्हणाले, "बोअर लांब आहे का गं?"

"त्या तिकडं. वढ्याच्या पल्याड," ती मान वर न करता म्हणाली. मग थांबली. ट्रे पाण्यात सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"दोनदा गेले व्हते मी," ती म्हणाली. "पैल्यांदा गेले तवा लाईट नव्हती. रिकामी आले. मग लाईट आल्यावर परत गेले. हीर तर दारातच हाय. पण म्हणलं, सासूबाईंनी बोअरचं सांगितलंय."

मी तिच्या शेजारी बसले आणि एक ट्रे घ्यायला हात पुढे केला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "मला सवय हाय." जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. चाचा माझी वाट न बघता चालायला लागले होते. मी उठले आणि त्यांच्या मागून गेले.